जवळून जातो म्हणजे किती जवळून?

प्रश्न : दर काही दिवसांनी मोबाईलवर बातमी येते, ‘आज पृथ्वीजवळून विमानाएवढा लघुग्रह जाणार’. खाली लिहिलेले असते, ‘धोका नाही’. मध्यंतरी तर मुंबईचे नाव घेऊन बातम्या आल्या. टक्कर होण्याची शक्यता आधी वाढत गेली आणि मग एकदम शून्यावर आली. घरातली मुले विचारतात आणि आम्हाला सांगता येत नाही. हे ‘जवळून’ म्हणजे नेमके किती? टक्कर होणार नाही हे आधीच कसे कळते? आकडा असा वर-खाली होतो, तेव्हा काही लपवले जाते का? आपल्या खानदेशात आकाशातून असे काही कधी पडले आहे का? खरेच एखादा अंगावर आला तर काय करणार? आणि २०२९ मध्ये येणारा मोठा लघुग्रह आम्हाला सावद्यातून दिसेल का?
— एक केळी उत्पादक, सावदा (ता. रावेर, जि. जळगाव)

उत्तर : तुमच्या पत्रातला प्रत्येक प्रश्न रास्त आहे. एकेक घेऊ.

‘जवळून’ म्हणजे किती?

आधी एक अंतर मनात पक्के करू. चंद्र आपल्यापासून सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर आहे. लघुग्रहाची बातमी वाचताना त्याचे अंतर याच्याशी ताडून पाहिले की निम्मे कोडे सुटते. लघुग्रहाची कक्षा पृथ्वीच्या कक्षेपासून सुमारे ७५ लाख किलोमीटरच्या आत येत असेल आणि तो साधारण १४० मीटरपेक्षा मोठा असेल, तर शास्त्रज्ञ त्याला ‘संभाव्य धोकादायक’ या यादीत टाकतात. ७५ लाख किलोमीटर म्हणजे चंद्राच्या अंतराच्या जवळपास साडेएकोणीस पट. याच्यावर नजर ठेवायची, एवढाच त्या नावाचा अर्थ. मोबाईलवर येणाऱ्या बहुतेक बातम्यांतले लघुग्रह चंद्राच्या कितीतरी पलीकडून जाणारे असतात.

खरोखर जवळून जाणारेही असतात. १६ ऑगस्ट २०२० रोजी ‘२०२० क्यूजी’ नावाचा जेमतेम तीन ते सहा मीटरचा दगड हिंदी महासागराच्या दक्षिण भागावरून केवळ २,९५० किलोमीटर उंचीवरून गेला. पृथ्वीच्या ओढीने त्याची वाट सुमारे ४५ अंशांनी वळली. अमेरिकेतल्या पॅलोमार वेधशाळेच्या छायाचित्रांत तो पहिल्यांदा ओळखला आयआयटी मुंबईचा विद्यार्थी कुणाल देशमुख याने. तोपर्यंत तो दगड पृथ्वीला ओलांडून सहा तास झाले होते. एवढा लहान दगड वातावरणात शिरला असता तरी वरच्या वरच जळून फुटला असता, त्यामुळे धोका नव्हता. पण लहान दगड फार अंधूक असतात आणि पुष्कळदा जवळ आल्यावरच, किंवा निघून गेल्यावर दिसतात, हे त्यातून स्पष्ट होते. बातमी वाचताना अंतर पाहा, तसाच आकारही पाहा. एका आकड्यावरून काहीच ठरवता येत नाही.

टक्कर होणार नाही हे आधी कसे कळते?

सावद्याजवळून भुसावळ–खंडवा लोहमार्ग जातो. रेल्वे फाटकावर रूळ आणि रस्ता एकमेकांना छेदतात, तरी रोज अपघात होत नाहीत, कारण गाडी आणि वाहन एकाच क्षणी त्या जागी नसतात. लघुग्रहाचेही तसेच. त्याची वाट आणि पृथ्वीची वाट एकमेकींजवळ येत असतील, तरी टक्कर व्हायला दोघे एकाच वेळी तिथे पोहोचावे लागतात. पृथ्वी आपल्या वाटेवर सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने पळते. तिचा स्वतःचा व्यास पावणेतेरा हजार किलोमीटरच्या आत आहे. म्हणजे सात-आठ मिनिटांत ती स्वतःच्या रुंदीएवढी पुढे निघून जाते. लघुग्रहाला दहा मिनिटांचा उशीर झाला, तरी पृथ्वी पुढे गेलेली असते.

ही वेळ काढायची कशी? दुर्बिणीने दर रात्री त्याची जागा ताऱ्यांच्या संदर्भात मोजतात. जगभरच्या वेधशाळा ही मोजमापे अमेरिकेतल्या ‘मायनर प्लॅनेट सेंटर’कडे पाठवतात. तिथून ती सर्वांसाठी खुली होतात. मग कॅलिफोर्नियातली जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी आणि युरोपीय अवकाश संस्था स्वतंत्रपणे गणित करून पुढच्या शंभर वर्षांची वाट काढतात. सूर्य, ग्रह आणि चंद्र यांची ओढ त्या गणितात धरलेली असते. सूर्याच्या उन्हाने तापलेला दगड ती उष्णता बाहेर टाकतो, तेव्हा त्याला अगदी हलका धक्का बसतो. मोठ्या काळाचे गणित करताना तो धक्काही मोजावा लागतो. २०२९ मध्ये येणाऱ्या ‘अपोफिस’ या लघुग्रहाची कक्षा या धक्क्याने वर्षाला सुमारे १७० मीटर सरकते, इतके बारीक मोजमाप आज हाती आहे.

गणिताने आकाशातल्या गोलांची जागा आधी सांगण्याची ही विद्या खानदेशाला नवी नाही. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटण इथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने तेराव्या शतकाच्या सुरुवातीला आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला. त्याचा शिलालेख तिथे मिळाला आहे. साधने बदलली, पण वेध घ्यायचा, गणित करायचे, पुन्हा वेध घेऊन गणित तपासायचे, ही रीत तीच आहे.

आकडा वर गेला आणि मग शून्य झाला, यात लपवाछपवी आहे का?

नाही. आकडे खुले होते म्हणूनच तुमच्यापर्यंत पोहोचले. तुम्ही म्हणता ती बातमी ‘२०२४ वायआर४’ या लघुग्रहाची. तो २७ डिसेंबर २०२४ रोजी चिलीतल्या दुर्बिणीतून सापडला. आकार साधारण ६० मीटर. २२ डिसेंबर २०३२ रोजी तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता १८ फेब्रुवारी २०२५ ला ३.१ टक्क्यांपर्यंत गेली. आदळलाच तर कुठे, याचा जो लांबट पट्टा काढला होता, तो प्रशांत महासागर, दक्षिण अमेरिका, अटलांटिक, आफ्रिका आणि अरबी समुद्र ओलांडून दक्षिण आशियापर्यंत पोहोचत होता. म्हणून मुंबईचे नाव बातम्यांत आले. त्यानंतर थोड्याच दिवसांत ही शक्यता जवळजवळ शून्यावर आली.

असे का होते ते पाहू. नव्या लघुग्रहाची मोजमापे थोडी असतात, म्हणून त्या दिवशी तो नेमका कुठे असेल हे सांगणारा पट्टा लाखो किलोमीटर लांब असतो आणि पृथ्वी त्यातला एक ठिपका. मोजमापे वाढत जातात तसा पट्टा आखूड होतो. पृथ्वी अजून त्या पट्ट्यातच असेल, तर आखूड पट्ट्यात तिचा वाटा मोठा दिसतो आणि टक्केवारी वाढते. पट्टा आणखी आवळला आणि पृथ्वी त्याच्या बाहेर पडली, की टक्केवारी कोसळते. लघुग्रहाने वाट बदललेली नसते, आपली माहिती पक्की झालेली असते. चढती टक्केवारी पाहून घाबरू नये, आणि ती उतरल्यावर ‘उगाच घाबरवले’ असेही म्हणू नये. त्या काही आठवड्यांत रात्र-रात्र जागून वेध घेणाऱ्यांनी आपले काम चोख केले, हाच त्या घसरणीचा अर्थ.

अपोफिसचेही असेच झाले. १९ जून २००४ रोजी अॅरिझोनातल्या किट पीक वेधशाळेतून तो सापडला. त्याच डिसेंबरमध्ये २०२९ च्या टक्करीची शक्यता २.७ टक्क्यांपर्यंत चढली. जुन्या छायाचित्रांत तो सापडल्यावर २०२९ चा धोका त्याच महिन्यात निकाली निघाला. २०३६ आणि २०६८ च्या शंका मात्र मागे राहिल्या. २०३६ ची शंका २०१३ मध्ये मिटली. मार्च २०२१ मध्ये अपोफिस १ कोटी ७० लाख किलोमीटरवर असताना कॅलिफोर्नियातल्या गोल्डस्टोनच्या रडारने त्याचे अंतर सुमारे १५० मीटरच्या अचूकतेने मोजले आणि २०६८ चीही शंका संपली. निदान शंभर वर्षे तो पृथ्वीवर आदळणार नाही. ‘धोका नाही’ हे दोन शब्द लिहायला सतरा वर्षांचे वेध लागले.

खानदेशात असे काही पडले आहे का?

पडले आहे, आणि तुमच्या अगदी शेजारी. १८४३ मध्ये तेव्हाच्या खानदेश जिल्ह्यात एदलाबादजवळच्या माणेगाव इथे आकाशातून दगड पडला. एदलाबाद म्हणजे आजचे मुक्ताईनगर. जगभरच्या उल्कापाषाणांच्या सूचीत तो ‘माणेगाव’ याच नावाने नोंदलेला आहे. जपून राहिलेला नमुना थोडाच, पण तो फार मोलाचा आहे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधले खनिजतज्ज्ञ नेव्हिल मॅस्केलिन यांनी १८७० च्या सुमारास त्याची तपासणी केली. हा दगड जवळजवळ पूर्णपणे पायरॉक्सिन या खनिजाचा आहे. अशा दगडांना ‘डायोजेनाइट’ म्हणतात.

डायोजेनाइट हे व्हेस्टा या लघुग्रहाचे तुकडे मानले जातात. व्हेस्टा मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यात आहे आणि त्याचा व्यास सुमारे ५२५ किलोमीटर. नासाचे ‘डॉन’ यान २०११-१२ मध्ये त्याच्याभोवती फिरले. व्हेस्टाच्या दक्षिण ध्रुवावर जवळजवळ त्याच्या स्वतःच्या व्यासाएवढे प्रचंड विवर आहे, हे डॉनने तपशिलात दाखवले. पृष्ठभागावरची खनिजेही या जातीच्या दगडांशी जुळली. अशा मोठ्या आघातांत व्हेस्टाच्या कवचाचे तुकडे अवकाशात उडाले. त्यांपैकी एक प्रचंड काळ भटकून मुक्ताईनगरच्या शिवारात उतरला. दुसऱ्या एका जगाच्या खोल कवचातला खडक तुमच्या गावापासून हाकेच्या अंतरावर पडला, हे रावेर, यावल, मुक्ताईनगर तालुक्यांतल्या प्रत्येक शाळेत सांगितले गेले पाहिजे असे मला मनापासून वाटते.

मोठ्या आघाताची खूणही दूर नाही. जळगावला लागून असलेल्या बुलढाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवरात आहे. दख्खनच्या काळ्या बेसाल्टमध्ये आघाताने तयार झालेले आणि इतके चांगले टिकलेले विवर जगात दुर्मीळ आहे. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथल्या खडकात ‘मॅस्केलिनाइट’ हे काचेसारखे द्रव्य आढळले. प्रचंड दाबाच्या धक्क्यानेच ते बनते, त्यामुळे लोणार ज्वालामुखीचे नाही, हे सिद्ध झाले. हे नाव ज्यांच्यावरून पडले, ते माणेगावचा दगड तपासणारेच मॅस्केलिन. लोणारच्या वयाबद्दल एक अनुमान सुमारे ५० हजार वर्षांचे, तर दुसरे सुमारे ५ लाख ७० हजार वर्षांचे आहे. अलीकडचे उदाहरण हवे असेल, तर २२ मे २०१२ रोजी नागपूर जिल्ह्यातल्या काटोल परिसरात उल्कापाषाण पडले.

यावरून हिशेब लक्षात येईल. छोटे दगड अधूनमधून पडतातच आणि बहुतेकदा कुणाला इजा होत नाही. लोणारसारखा आघात हजारो वर्षांत एखादा. मधल्या आकाराचे दगड मात्र विसरून चालणार नाही. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातल्या चेल्याबिन्स्कवर सुमारे २० मीटरचा दगड हवेतच फुटला. सुमारे दीड हजार माणसे जखमी झाली, बहुतेक खिडक्यांच्या काचा फुटून. तो सूर्याच्या दिशेने आला, म्हणून आधी कुणाला दिसला नाही. योगायोग असा, की त्याच दिवशी ‘२०१२ डीए१४’ हा दुसरा लघुग्रह, अगदी भाकिताप्रमाणे, पृथ्वीपासून २७,७०० किलोमीटरवरून सुखरूप निघून गेला. वर्षभर आधी सापडलेल्याचा क्षण न् क्षण ठाऊक होता. न सापडलेला घराच्या काचा फोडून गेला. खरा धोका न सापडलेल्यांचा असतो.

अंगावर येणारा सापडला तर?

शोध लवकर लागला, तर उपाय आहे. २६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाने ‘डार्ट’ हे यान मुद्दाम ‘डायमॉर्फस’ या सुमारे १६० मीटरच्या लघुग्रहावर आदळवले. तो आपल्या मोठ्या जोडीदाराभोवती ११ तास ५५ मिनिटांत फिरत असे, धडकेनंतर ही वेळ सुमारे ३२ मिनिटांनी कमी झाली. माणसाने आकाशातल्या गोलाची वाट मोजण्याइतकी बदलल्याचे हे पहिले उदाहरण. दहा-वीस वर्षे आधी दिलेला हलका धक्काही पुरतो, कारण तोवर त्याची वेळ फाटकावरच्या वेळेशी जुळेनाशी होते. त्यासाठी आधी सापडणे महत्त्वाचे. पृथ्वीजवळचे ज्ञात लघुग्रह २०२५ च्या अखेरीस ४० हजारांवर गेले. एक किलोमीटरहून मोठे बहुतेक सगळे सापडले आहेत. १४० मीटरहून मोठ्यांपैकी मात्र निम्म्याहून अधिक अजून सापडायचे आहेत. त्यांच्या शोधासाठी नासा ‘निओ सर्व्हेयर’ ही अवरक्त दुर्बीण अवकाशात पाठवण्याच्या तयारीत आहे.

२०२९ चा अपोफिस सावद्यातून दिसेल का?

दिसेल, आणि आजच तारीख लिहून ठेवा : शुक्रवार, १३ एप्रिल २०२९ ची रात्र. अपोफिस सरासरी ३४० मीटरचा, लांबट आहे. भारतीय वेळेप्रमाणे १४ एप्रिलला, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंतीला, पहाटे सव्वातीनच्या सुमारास तो पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२ हजार किलोमीटरवर असेल. तुमच्या घरावरच्या डिश अँटेनाला चित्र पाठवणारे उपग्रह जवळपास ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतात. त्यांच्याही खालून तो जाईल. या आकाराचा लघुग्रह इतका जवळ येणार हे आधीपासून ठाऊक असण्याची अशी संधी माणसाला प्रथमच मिळते आहे.

सर्वात जवळ असताना तो अटलांटिक महासागरावर असेल आणि आपल्या क्षितिजाखाली गेलेला असेल. आपली वेळ त्याआधीची. १३ तारखेला अंधार पडल्यावर तो दक्षिणेच्या आकाशात असेल. रात्र चढेल तसा ठळक होत मध्यरात्रीच्या सुमारास नैऋत्येकडे पोहोचेल. तेव्हा तो अंधूक ताऱ्यासारखा दिसेल, पण काही मिनिटांत चंद्रबिंबाच्या रुंदीएवढा सरकेल. तारे जागच्या जागी आणि तो पुढे, हीच त्याची ओळख. त्या रात्री अमावस्या आहे, म्हणजे चंद्रप्रकाशाची अडचण नाही. गावातल्या दिव्यांपासून दूर, केळीच्या बागेपलीकडच्या मोकळ्या रानात किंवा पालच्या बाजूला सातपुड्याच्या पायथ्याशी जा. नुसत्या डोळ्यांनी दिसणे आकाश किती स्वच्छ आहे यावर अवलंबून राहील, म्हणून साधी द्विनेत्री दुर्बीण बरोबर असू द्या.

पृथ्वीच्या ओढीने त्या रात्री अपोफिसची वाट कायमची बदलेल. आज तो सूर्याभोवती सुमारे ३२४ दिवसांत फिरतो. त्यानंतर त्याला वर्षाहून अधिक वेळ लागेल. त्याच्या स्वतःभोवतीच्या फिरण्यातही फरक पडेल आणि पृष्ठभागावरची माती-दगड घसरतील, असा अंदाज आहे. नासाचे ‘ओसायरिस-अपेक्स’ यान भेटीनंतर त्याच्याजवळ जाऊन हे सारे पाहणार आहे. एवढा मोठा प्रयोग निसर्ग स्वतः करून दाखवणार आहे, आणि तोही कुणाला इजा न करता.

तुमच्या घरातल्या मुलांसाठी एक निरोप. ‘आंतरराष्ट्रीय खगोलीय शोध सहयोग’ या उपक्रमात शाळकरी विद्यार्थ्यांना हवाईतल्या पॅन-स्टार्स दुर्बिणीची छायाचित्रे मिळतात, आणि त्यांत सरकणारा ठिपका शोधायचा असतो. २०२० मध्ये तापीच्या मुखाशी असलेल्या सुरतेच्या दोन शाळकरी मुलींनी अशाच मोहिमेत एका नव्या लघुग्रहाची प्राथमिक नोंद केली. त्यासाठी संगणक, इंटरनेट आणि चिकाटी एवढेच लागले. सावद्यातल्या शाळेकडे हे तिन्ही असू शकते. २०२९ ला अजून वेळ आहे. शिक्षकांना भेटा, शाळेची नोंदणी करून घ्या. जगातली कुठलीही बातमी ‘धोका नाही’ म्हणेल, तेव्हा त्यामागच्या मोजमापांत सावद्याच्या मुलांचीही मोजमापे असावीत.